गोवंडीचे आकडे कसे वाचावेत

मुंबईच्या एम/पूर्व विभागाविषयी, म्हणजे गोवंडी, मानखुर्द, देवनार, शिवाजीनगर, बैंगनवाडी, चिता कॅम्प या पट्ट्याविषयी कोठेही लिहून आले की त्यात एक आकडा हमखास सापडतो. तेथील मृतांचे सरासरी वय ३९ वर्षे आहे, असे सांगितले जाते. छापून येईपर्यंत त्याचे ‘येथील आयुर्मान ३९ वर्षे’ असे होऊन जाते आणि चाळिशीही न गाठणाऱ्या माणसांची एक वस्ती वाचकाच्या डोळ्यांसमोर उभी राहते. गोवंडी स्थानकाबाहेर दहा मिनिटे थांबले तरी भाजी निवडणारी, रिक्षासाठी रांगेत उभी असलेली साठी-सत्तरीची माणसे दिसतात. मग आकडा खोटा समजायचा का? तसे नाही. तो एका प्रश्नाचे उत्तर आहे आणि आपण ते दुसऱ्याच प्रश्नाखाली लिहीत आहोत.

एखाद्या वर्षात मरण पावलेल्या सर्वांच्या वयांची बेरीज करून तिला मृतांच्या संख्येने भागले की मृत्यूचे सरासरी वय मिळते. हा हिशेब मृत्यूच्या धोक्याइतकाच, किंबहुना त्याहूनही अधिक, त्या वस्तीत कोणत्या वयाची माणसे किती राहतात यावर अवलंबून असतो. प्रत्येकी दहा हजार लोकसंख्येच्या दोन काल्पनिक वस्त्या घेऊ. सोयीसाठी असे धरू की दोन्हीकडे मृत्यू फक्त पाच वर्षांखालील मुलांचे आणि साठीपुढील वृद्धांचे होतात. मुलांत वर्षाला हजारी ४ आणि वृद्धांत हजारी ५०. मृत मुलांचे सरासरी वय एक वर्ष आणि मृत वृद्धांचे ७२ वर्षे मानू. दोन्हीकडचा धोका अगदी सारखा ठेवला आहे. आता पहिल्या वस्तीत लहान मुले दीड हजार आणि वृद्ध चारशे असतील, तर वर्षाला ६ मुले आणि २० वृद्ध दगावतील आणि मृत्यूचे सरासरी वय ५५.६ वर्षे निघेल. दुसऱ्या वस्तीत मुले पाचशे आणि वृद्ध बाराशे असतील, तर मृत्यू अनुक्रमे २ आणि ६० होतील आणि सरासरी वय ६९.७ वर्षे येईल. एकाही माणसाचा धोका कमी-जास्त झालेला नसताना दोन वस्त्यांत चौदा वर्षांचे अंतर पडले, कारण पहिल्या वस्तीत म्हातारी माणसेच कमी आहेत.

याच उदाहरणात आणखी एक गंमत आहे. हजार लोकांमागे एकूण मृत्यू किती, असे विचारले तर पहिल्या वस्तीचे उत्तर २.६ आणि दुसरीचे ६.२ येते. म्हणजे एका मापाने पहिली वस्ती भयंकर दिसते आणि दुसऱ्या मापाने तीच अधिक निरोगी ठरते. लोकसंख्याशास्त्रज्ञ म्हणूनच वयोगटानुसार मृत्युदर मागतात. ‘अपेक्षित आयुर्मान’ हे माप त्याच दरांपासून तयार होते: एक लाख नवजात बालके जन्मली आणि आज प्रत्येक वयाला जो मृत्युदर आहे तोच त्यांच्या वाट्याला आला, तर ती सरासरी किती वर्षे जगतील? या मापावर वस्तीतील मुलाबाळांच्या किंवा म्हाताऱ्यांच्या संख्येचा परिणाम होत नाही.

३९ या आकड्यातून एवढेच कळते की त्या नोंदींत तान्ह्या मुलांचे आणि कर्त्या वयातील माणसांचे मृत्यू बरेच आहेत. ही माहिती गंभीरच आहे. पण त्यातले किती मृत्यू वस्ती तरुण असल्यामुळे तसे दिसतात आणि किती मृत्यू टाळता आले असते, हे त्या एका आकड्यातून कळत नाही.

वस्ती तरुण का आहे, हे समजण्यासाठी ती कशी वसली ते पाहावे लागते. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची आहे आणि तिचा विस्तार सुमारे १३२ हेक्टर आहे. वांद्र्याचा कत्तलखाना १९७१ मध्ये देवनारला आला. तुर्भ्याजवळची (मुंबईतल्या ट्रॉम्बेजवळची) जनता कॉलनी आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये हटवून तेथील रहिवाशांना चिता कॅम्पमध्ये आणून वसवण्यात आले. शिवाजीनगर आणि बैंगनवाडीत त्याच दशकात आखून दिलेल्या जागांची मापे दहा फूट बाय पंधरा फूट होती. पुढे रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत घरे गेलेल्यांसाठी लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड यांसारख्या बहुमजली पुनर्वसन वसाहती उभ्या राहिल्या. शहराला जे नजरेआड हवे होते ते येथे येत गेले. भाडे कमी, कचरावेचणीपासून जरीकाम आणि शिवणकामापर्यंत हाताला काम, आणि हार्बर मार्गाची लोकल, यांमुळे नव्याने मुंबईत येणारे कुटुंबही येथेच पहिली खोली शोधते. अशा ठिकाणी तरुण जोडपी आणि लहान मुले जास्त असणार, हे ओघानेच आले. उतारवयात पुष्कळजण गावाकडे परततात, तोही परिणाम आहेच.

याच विभागात अणुशक्तीनगरही आहे. आखीव रस्ते, झाडी, स्वतःची शाळा आणि अणुऊर्जा कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र रुग्णालय असलेली ही वसाहत आणि कचराभूमीच्या भिंतीला टेकलेले रफिकनगर महापालिकेच्या तक्त्यात एकाच ओळीत बसतात. त्या ओळीतील सरासरी ना अणुशक्तीनगराची असते ना रफिकनगरची. माझ्या मते एम/पूर्वविषयीचा कोणताही आकडा ऐकल्यावर विचारायचा पहिला प्रश्न हाच, की तो कोणत्या गल्लीपर्यंत खाली उतरतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम पाहणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६ पासूनची आहे आणि तिचा पत्ता देवनारचाच, गोवंडी स्टेशन रोडचा आहे. पण ते सर्वेक्षण जिल्ह्यापर्यंत विश्वासाने बोलते. नमुन्यात निवडलेली घरे मर्यादित असतात, त्यामुळे संस्थेच्या फाटकासमोरच्या वस्तीविषयी त्याला वेगळे काही सांगता येत नाही. यात सर्वेक्षणाचा दोष नाही. ते त्या कामासाठी आखलेलेच नाही.

मग वस्तीपुरते आकडे येतात कोठून? मुख्यतः दोन ठिकाणांहून: जनगणना आणि जन्ममृत्यूची नोंदणी. कोणताही दर हा अपूर्णांक असतो. वर घटना, खाली लोकसंख्या. खालचा आकडा जनगणनेचा. २०११ मध्ये एम/पूर्वची लोकसंख्या ८,०७,७२० आणि मुंबईची १,२४,४२,३७३ मोजली गेली. २०२१ ची जनगणना झालीच नाही आणि पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. मधल्या वर्षांत पुनर्वसनाच्या इमारती भरल्या, झोपड्यांवर पोटमाळे चढले, काही पाडल्या गेल्या, काही पुन्हा बांधल्या गेल्या. जुना छेद वापरून काढलेला आजचा दर त्यामुळे फुगलेला असू शकतो. लोकसंख्या दीडपट झाली असेल आणि आपण जुन्याच संख्येने भागले, तर क्षयाचा किंवा मृत्यूचा दरही दीडपट दिसेल.

वरच्या आकड्याची गोष्ट याहून अवघड आहे. १९६९ च्या कायद्यानुसार जन्म किंवा मृत्यू जेथे घडला तेथे त्याची नोंद होते. गोवंडीतील गर्भवती प्रसूतीसाठी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात गेली, तर बाळाचा जन्म त्या विभागात नोंदला जातो. रुग्ण परळच्या केईएममध्ये दगावला, तर मृत्यू परळच्या खात्यात जातो. निवासाचा पत्ता नोंदीत असतो, पण त्यानुसार आकडे पुन्हा मांडले नाहीत, तर मोठे रुग्णालय असलेला विभाग मृत्यूंचे आगर वाटतो आणि ज्या विभागातून रुग्ण गेले तो सुखरूप दिसतो. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याची रीत त्यात भर घालते. जन्म बुलढाण्यात किंवा उत्तर प्रदेशातल्या एखाद्या गावात नोंदला जातो, तीन महिन्यांनी बाळ गोवंडीत येते आणि पहिल्या वर्षात आजारी पडून दगावले, तर मृत्यू मुंबईत नोंदला जातो. बालमृत्युदराच्या अपूर्णांकात ते खालच्या संख्येत नसते आणि वरच्या संख्येत मात्र असते.

मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात एम/पूर्वचा बालमृत्युदर हजार जन्मांमागे ६६ हून अधिक आणि मानव विकास निर्देशांक (शून्य ते एक या पट्टीवरचे विकासाचे माप) ०.०५, म्हणजे शहरात सर्वांत कमी, असा दिला होता. तो ०.०५ देशांच्या निर्देशांकांशेजारी ठेवून गोवंडीला जगातल्या कोणत्याही देशापेक्षा मागास ठरवणारे लेख मी वाचले आहेत. तशी तुलना चालत नाही. हा निर्देशांक मुंबईच्याच विभागांना एकमेकांच्या शेजारी उभे करण्यासाठी काढलेला होता. अशा मोजणीत रांगेच्या तळाशी असलेला विभाग शून्याच्या जवळ आणि शेंड्याचा विभाग एकच्या जवळ जाणारच. विषमतेची रांग त्यातून नीट कळते, पण तिची जगाच्या पट्टीवरची लांबी कळत नाही.

आता आजारांकडे वळू, कारण येथे आकड्यांमागची यंत्रणा डोळ्यांना दिसते. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस रफिकनगरमध्ये एकाच कुटुंबातील तीन मुले दोन दिवसांच्या आत दगावली आणि गोवरचा उद्रेक शहराच्या लक्षात आला. गोवरचा एक रुग्ण, आजूबाजूला कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो. म्हणून हा आजार थोपवायला सुमारे ९५ टक्के मुले सुरक्षित असावी लागतात. लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देतात. समजा, एखाद्या वस्तीत दहा हजार मुले आहेत आणि त्यांपैकी ९० टक्क्यांना फक्त पहिला डोस मिळाला आहे. कागदावर ९० टक्के म्हणजे उत्तम गुण. पण नवव्या महिन्यात दिलेला डोस साधारण ८५ टक्के मुलांमध्येच प्रतिकारशक्ती निर्माण करतो. म्हणजे खरोखर सुरक्षित मुले ७,६५० आणि असुरक्षित मुले २,३५०. ही २,३५० मुले शहरभर विखुरलेली असती तर आग पसरायला वेळ लागला असता. एकाच गल्लीत, एकाच अंगणवाडीत, एकाच पाण्याच्या रांगेत ती असली की काही दिवस पुरतात. त्यात कुपोषण आणि अ जीवनसत्त्वाची कमतरता असली की साधा वाटणारा गोवर न्यूमोनियापर्यंत जातो.

मुले लशीवाचून राहिली कशी, याचे एकच कारण शोधणाऱ्यांना मी सावध करीन. लसीविषयीची भीती आणि अफवा होत्याच, कोविडच्या दोन वर्षांत नियमित लसीकरणाची घडीही विस्कटली होती. पण रोजचे कारण अधिक साधे असते. आरोग्य सेविका रजिस्टर घेऊन गल्लीत शिरते, तेव्हा सकाळचे अकरा वाजलेले असतात. मागच्या फेरीत जेथे आठ महिन्यांचे बाळ होते, त्या खोलीला कुलूप असते. शेजारीण सांगते, ‘ते गावी गेले’, किंवा ‘भाडं वाढवलं म्हणून मागच्या रोडला गेले’. खोल्यांचे करार अकरा महिन्यांचे असतात आणि लसीचे वेळापत्रक दोन वर्षांचे. बाळाचे लसीकरण कार्ड गावच्या उपकेंद्राचे असले, तर झालेला डोस येथे दिसत नाही आणि राहिलेला डोस कोणाच्याच यादीत येत नाही. उद्रेकानंतर नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस आणि प्रादुर्भावाच्या भागात सहा महिन्यांच्या बाळांनाही डोस देण्याचा निर्णय झाला, त्यातून यादीबाहेरची अशी मुलेही गाठता येणार होती.

क्षयरोगाच्या बाबतीत घराचे माप थेट आजाराशी जोडलेले आहे. दहा बाय पंधराची खोली म्हणजे दीडशे चौरस फूट. त्यात सहा माणसे झोपली तर माथी पंचवीस चौरस फूट येतात, म्हणजे एक सतरंजी आणि कडेने चालण्यापुरती जागा. क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत येतात आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. खेळती हवा त्यांना पातळ करते आणि सूर्यप्रकाश त्यांना मारतो. खिडकी नसलेल्या खोलीत ही दोन्ही औषधे नसतात. झोपडी सोडून इमारतीत गेल्यावर प्रश्न सुटायला हवा होता. पण या विभागातल्या तीन पुनर्वसन वसाहतींच्या अभ्यासात असे दिसले की ज्या घरांत उजेड आणि हवा कमी पोहोचते, विशेषतः खालच्या मजल्यांवर, तेथे क्षयरुग्ण आढळण्याची शक्यता अधिक असते. या घरांचे क्षेत्रफळ २२५ चौरस फूट, आणि दोन इमारतींमधले अंतर काही ठिकाणी इतके कमी की समोरच्या खिडकीतल्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येते. भरदुपारी जिन्यात दिवा लावावा लागतो. पुनर्वसनासाठी बांधकाम नियमांत सवलती दिल्या गेल्या तेव्हा वाचलेली जमीन हिशेबात आली. रोगाचा खर्च कोणत्याही हिशेबात आला नाही.

साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, वजन वाढू लागते, आणि रोजंदारीवरच्या माणसाला औषधापेक्षा बुडणारा रोज जड वाटू लागतो. गोळ्या अर्धवट सुटल्या की उरलेले चिवट जंतू वाढतात. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या दोन मुख्य औषधांना न जुमानणारा क्षय असा तयार होतो आणि पुढे त्याच बंद खोलीतून दुसऱ्याला थेट तसाच लागतो. त्या दुसऱ्या माणसाने एकही गोळी चुकवलेली नसते. म्हणून ‘रुग्ण औषधे नीट घेत नाहीत’ हे स्पष्टीकरण मला अर्धवट वाटते. सकस आहारासाठी रुग्णाला दरमहा मिळणारी रक्कम २०१८ पासून ५०० रुपये होती, ती नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली आहे. बुडालेल्या मजुरीपुढे ती थोडी आहे, पण अंडी, दूध आणि डाळीसाठी तिचा उपयोग होतो.

पाण्याविषयी थोडक्यात सांगायचे तर मुंबई महापालिकेचे माप झोपडपट्टीसाठी माणशी दररोज ४५ लिटर आणि पक्क्या घरांसाठी १३५ लिटर असे राहिले आहे. झोपड्यांना मान्यता देण्यासाठी सरकारने ठरवलेल्या तारखेनंतर ज्यांची झोपडी उभी राहिली होती त्यांना तेवढाही हक्क नव्हता. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशांनाही पाणी नाकारता येणार नाही असा निर्णय दिला. जुलाब, कावीळ आणि त्वचारोगांच्या नोंदी वाचताना हे लिटर शेजारी ठेवावेत.

राहिला प्रश्न आरोग्यसेवेचा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाने सुमारे ५०,००० लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष ठेवला. २०११ च्या लोकसंख्येवरच एम/पूर्वला अशी सोळा केंद्रे लागतात. गोवंडीचे पंडित मदन मोहन मालवीय शताब्दी रुग्णालय अनेक वर्षे २१० खाटांचे होते. आठ लाखांना भागले तर हजार माणसांमागे पाव खाट पडते. त्यापलीकडची गुंतागुंत झाली की रुग्ण घाटकोपरच्या राजावाडीला किंवा शीवला पाठवला जातो. म्हणजे रिक्षा, लोकल, केस पेपरची रांग आणि बरोबर जाणाऱ्याचाही बुडालेला रोज.

मोफत सेवा असताना लोक खासगी डॉक्टरकडे पैसे का मोजतात, असे मध्यमवर्गीय कुतूहलाने विचारले जाते. याचे बरेचसे उत्तर घड्याळात आहे. पालिकेच्या दवाखान्यांची वेळ परंपरेने मजुराच्या कामाच्या वेळेवरच येते, आणि गल्लीतला डॉक्टर रात्री दहालाही एका सुईत दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याइतपत उभे करतो. तो पदवीधर आहे की नाही, हे भिंतीवरच्या चौकटीकडे पाहून कळतेच असे नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारखी विमा योजना रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या आणि खोकल्याची पहिली तपासणी तिच्यात बसत नाही, आणि गोवंडीचा खर्च मुख्यतः तेथेच होतो. ऑक्टोबर २०२२ पासून मुंबईत सुरू झालेले ‘आपला दवाखाना’ सकाळी सात ते दोन आणि दुपारी तीन ते रात्री दहा अशा दोन पाळ्यांत चालावेत, ही कल्पना त्यामुळे मला खाटांच्या घोषणेपेक्षा महत्त्वाची वाटते. संध्याकाळच्या पाळीत डॉक्टर खरोखर हजर असतो का, थुंकीचा नमुना तेथेच घेतला जातो का, आणि रुग्ण पुन्हा आला नाही तर त्याच्या घरी कोणी जाते का, या तीन गोष्टींच्या नोंदी गल्लीनिहाय मिळू लागल्या, तर एम/पूर्वच्या आरोग्याविषयी ३९ या आकड्यापेक्षा बरेच काही कळेल.